एका पॅडमध्ये दोन पक्षी

शनिवारी सकाळी सात वाजता अस्मादिक गॅरेजच्या फरशीवर फतकल मारून बसले होते. एका बाजूला काढलेलं चाक, दुसऱ्या बाजूला पाने, हात कोपरापर्यंत काळे. बायको चहाचा कप घेऊन दारात आली, दोन मिनिटं नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "काढतोयस की घालतोयस?"

"ट्रॅकचे काढून रोजचे घालतोय."

"छान," म्हणाली आणि गेली.

बाहेरच्या माणसाला यात काहीच वाटणार नाही. पण या चार शब्दांमागे एक घाबरवणारं वळण, एक त्याहून घाबरवणारा उतार आणि नाशिकला केलेला एक लांबलचक फोन आहे. आजचं खरडणं त्याबद्दल.

विषय म्हणाल तर अगदीच चिमुकला. रस्त्यावर चालवायची स्पोर्ट्स कार अधूनमधून ट्रॅकवर न्यायची असेल तर ब्रेकचे पॅड कुठले घालावेत? आणि माझं मत म्हणाल तर ते एका वाक्यात मावतं: रस्ता आणि ट्रॅक या दोघांना पुरणारा एकच पॅड शोधत बसू नका, दोन जोड ठेवा आणि बदलायचा कंटाळा करू नका. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी आता चहाला जायला हरकत नाही. :-) बाकीच्यांसाठी जरा पाल्हाळ लावतो.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय ते सांगतो, कारण भारतातल्या मित्रांना सांगितलं की त्यांना वाटतं मी शर्यतीत भाग घेतो. तसलं काही नाही. एखादा क्लब दिवसभरासाठी शर्यतीचा ट्रॅक भाड्याने घेतो. आपण पैसे भरून आपली गाडी घेऊन जायचं. अनुभवाप्रमाणे गट पाडतात, प्रत्येक गटाला साधारण वीस-वीस मिनिटांची चार-पाच सत्रं मिळतात. नवशिक्यांच्या शेजारी शिक्षक बसतो. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या जागी आणि पुढच्याने हात दाखवला तरच. नंबर नाही, कप नाही, बक्षीस नाही. संध्याकाळी त्याच गाडीने घरी यायचं आणि सोमवारी त्याच गाडीने हापिसात जायचं. सगळी गंमत यातच आहे आणि सगळी गोचीही यातच.

माझी गाडी माझदा मियाटा, २०१६ ची, सेकंड हँड घेतलेली. दोन माणसं, दोन बॅगा, उघडं छप्पर. ताकद फार नाही, पण वजनही नाही. कंपनीच्या कागदावर जेमतेम १,०६० किलो. त्यामुळे मी स्वतःची अशी समजूत करून घेतली होती की एवढ्याशा गाडीला कसले आलेत खास ब्रेक. ते सगळं त्या चारशे-पाचशे हॉर्सपॉवरवाल्यांसाठी.

ही समजूत २०२२ च्या ऑक्टोबरात लागूना सेकाच्या दुसऱ्या वळणावर उतरली.

लागूना सेका हा माँटरेजवळचा ट्रॅक, १९५७ चा. ३.६ किलोमीटरची एक फेरी, अकरा वळणं. लोक ओळखतात तो कॉर्कस्क्रू या आंधळ्या, डोंगरावरून खाली कोसळणाऱ्या वळणामुळे. पण ब्रेकची खरी परीक्षा घेतं ते दुसरं वळण, मारिओ आंद्रेत्तीच्या नावाची हेअरपिन. सरळ पट्टा संपता संपता उंचवट्यावरून खाली यायचं आणि वेगाने आलेली गाडी जवळजवळ यू-टर्नच्या वेगावर आणायची.

दुसरं सत्र, चौथी का पाचवी फेरी. नेहमीच्या जागी ब्रेक दाबला. पेडल टणक, अगदी दगडासारखं. पण गाडी थांबायला तयार नाही. अजून दाबलं. पेडल तेवढंच टणक, गाडी तेवढीच बेफिकीर. शेजारचे शिक्षक शांत आवाजात म्हणाले, "वळायचा प्रयत्न करू नकोस, सरळ जाऊ दे, ब्रेक सोडू नकोस." गाडी सरळ बाहेर कच्च्यात उतरली, धूळ उडवली आणि थांबली. कुणाला काही झालं नाही, गाडीलाही नाही. पुढची अख्खी फेरी हळूहळू मारून पिटमध्ये आलो. तिथे सवयीने हँडब्रेकला हात घातला तर शिक्षकांनी मनगट धरलं. ब्रेक लालेलाल तापलेले असताना हँडब्रेक लावला की पॅड डिस्कला चिकटून बसतात, तिथेच मटेरियल सोडतात. गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडी ठोकळा लावायचा, हे त्या दिवशी शिकलो.

मग रात्री घरी येऊन (हाडाचा इंजिनिअर ना!) गणित केलं. ते आधी केलं असतं तर बरं झालं असतं.

गाडी, मी, शिक्षक आणि पेट्रोल मिळून १,२०० किलो धरा. ताशी १७० वरून ताशी ७० वर यायचं. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, दहावीचं सूत्र. या एका ब्रेकिंगमध्ये साधारण ११ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. थोडीफार हवा खाते, थोडीफार इंजिन, बाकी सगळी चार डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. घरातलं साडेतीन लिटर पाणी उकळायला जेवढी उष्णता लागते तेवढी, आणि ती तीन-सव्वातीन सेकंदांत. सिग्नलला ताशी ५० वरून पूर्ण थांबलो तर हाच आकडा एक लाख सोळा हजारच्या आसपास येतो. म्हणजे एक हेअरपिन बरोबर साडेनऊ सिग्नल. त्यात सिग्नलनंतर ब्रेकला गार व्हायला मिनिटभर मिळतं. ट्रॅकवर दोन मिनिटांच्या आत तीच हेअरपिन पुन्हा समोर, आणि मध्ये अजून चार-पाच ठिकाणी जोरात ब्रेक. वीस मिनिटं असंच.

वेगाचा वर्ग असतो हे आपण पाठ केलेलं असतं. पायाला ते माहीत नसतं.

आता पॅड म्हणजे काय? लोखंडी पाटीवर चिकटवलेला एक मसाला. त्यात धातूचा कीस, तंतू, ग्रॅफाइट, खरखरीत कण आणि हे सगळं धरून ठेवणारा राळेसारखा बांधक पदार्थ. प्रत्येक मसाल्याची एक तापमानाची पट्टी असते. त्या पट्टीच्या वर गेलं की बांधक पदार्थ जळायला लागतो, वायू सुटतो, घर्षण झपकन कमी होतं. याला फेड म्हणतात. माझं झालं ते हेच. त्या गाडीवर आधीच्या मालकाने बसवलेले, निम्मे झिजलेले, शांत आणि स्वच्छ चालणारे रस्त्याचे पॅड होते. त्यांचं काम ते चोख करत होते. मीच त्यांना भलत्या कामाला जुंपलं.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण दोन आजारांची औषधं वेगळी आहेत. पेडल टणक पण गाडी थांबत नाही, तर दोष पॅडचा. पेडल मऊ, स्पंजासारखं, खाली खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय. द्रव दाबला जात नाही, पण त्यात वाफेचे बुडबुडे झाले की आपण पायाने बुडबुडेच दाबत बसतो. दुसऱ्या प्रकारात चांगल्यात चांगला पॅडसुद्धा काही करू शकत नाही.

म्हणून पॅडवर पैसे घालण्याआधी ब्रेक ऑइल बदला, हे माझं पोटमत. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी शिरलं की त्याचा उत्कलनबिंदू धाडकन खाली येतो. अमेरिकन नियमाप्रमाणे डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि ओला १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. 'ओला' म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी शिरलेला. तीन-चार वर्षं न बदललेलं ऑइल म्हणजे तुम्ही दुसऱ्या आकड्याकडे निघालेले आहात. ट्रॅकवाल्यांसाठी कोरडा उत्कलनबिंदू तीनशेच्या वर असलेली ऑइलं मिळतात, एका बाटलीत काम होतं, हवा काढायला मित्राला बियर पाजावी लागते, झालं. (डॉट ५ मात्र घेऊ नका. नाव सारखं असलं तरी ते सिलिकॉनचं, वेगळंच प्रकरण आहे.)

हे सगळं वाचून, गणितं करून मी काय केलं असेल? जो कुठलाही नवशिक्या करतो तेच. एका टोकावरून उडी मारून थेट दुसऱ्या टोकावर. मिळतील ते सगळ्यात कडक, तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींसाठी केलेले पॅड मागवले. नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हताच. डब्यावर स्पष्ट छापलेलं होतं की रस्त्यावर वापरू नका. पुढच्या ट्रॅक डेला त्यांनी कमाल केली. दिवसभरात पेडल एकदाही हललं नाही. मी खूश. तीन आठवड्यांनी परत ट्रॅकवर जायचंच होतं, मग मधल्या काळात कोण काढून घालत बसणार? राहू दिले तसेच.

आवाज करायचे. सिग्नलला थांबताना अशी किंकाळी की शेजारच्या गाडीतली लहान मुलं काच खाली करून बघायची. चाकांवर काळी भुकटी साचायची, तिच्यावर पाणी पडलं की गंजून चिकटून बसायची. हे सगळं मी मोठ्या कौतुकाने सहन करत होतो. 'रेसिंग पॅड आहेत ना,' असं कुणी न विचारताही सांगायचो.

मग फेब्रुवारी २०२३ मधला एक रविवार. बायकोला म्हटलं सांता क्रूझला समुद्रावर जाऊ. सॅन होजेहून तिकडे जायचा रस्ता म्हणजे हायवे १७. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जुना खंडाळ्याचा घाट डोळ्यांसमोर आणावा, फक्त दरडीच्या जागी झाडं आणि दोन्ही दिशांच्या मध्ये एक काँक्रीटची भिंत. साधारण साडेपाचशे मीटरवर माथा, मग वळणावळणाने समुद्राकडे उतार. त्या दिवशी धुकं होतं, रस्ता ओला. माथ्यापर्यंत चढ, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला पाय लागलाच नव्हता. माथा ओलांडला, दुसरं-तिसरं वळण, आणि समोर लाल दिवेच दिवे. सगळा ट्रॅफिक उभा.

ब्रेक दाबला. नेहमीएवढाच दाबला. काही नाही. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही, पण लाकडाने लोखंड घासावं तसं काहीतरी. मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पाठ सीटला रेटून, सगळी ताकद लावून दाबला. गाडी थांबली. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर एक स्टिकर होता, तो मी आजही शब्दशः सांगू शकतो, एवढ्या जवळ.

बायको काही बोलली नाही. समुद्रावर गेलो, कॉफी प्यायलो, परत आलो. परतताना मी उगाचच ब्रेकला पाय लावत लावत, ते गरम ठेवत गाडी चालवली. घरी आल्यावर चप्पल काढता काढता ती म्हणाली, "तुझा छंद आहे, तू रिस्क घे. मला का घ्यायला लावतोस? आणि ती पण न सांगता."

याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

झालं होतं ते अगदी सरळ. ट्रॅकचा पॅड गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाही. त्याची पट्टी सुरू होते तिथे रस्त्याचे पॅड अजून आयुष्यात पोचलेलेही नसतात. गार असताना तो डिस्कला नुसता खरवडतो, आणि त्यामुळे डिस्कही लवकर खातो. म्हणजे ऑक्टोबरात मी रस्त्याचा पॅड ट्रॅकवर नेऊन फसलो आणि फेब्रुवारीत ट्रॅकचा पॅड रस्त्यावर आणून. दोन्ही वेळा पॅड बरोबर होते, ठिकाण चुकलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगची सेटिंग तशीच प्रॉडक्शनला ढकलली. फरक एवढाच की आमच्याकडे रोलबॅक असतो.

त्या रात्री बाबांना फोन केला. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, नाशिक डेपोला. कसारा घाट त्यांनी किती वेळा उतरला असेल याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. आधी ट्रॅक डे म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे तू पैसे भरून ब्रेक तापवायला जातोस?"

यालाही उत्तर नव्हतं. तो दिवसच तसा होता. :-)

पण मग ते बोलायला लागले. घाटात ब्रेक तापतो म्हणजे काय हे त्यांना कुठलंही सूत्र न शिकता माहीत होतं. ड्रमचे ब्रेक, तापले की ड्रम फुगून शूपासून लांब जातो, वर लायनरची पकड जाते, दोन्हीकडून मरण. "ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. दाबायचा तर दाब, नाहीतर काढ. घासत ठेवलास की गेला." मी म्हटलं, ट्रॅकवर शिक्षकही हेच सांगतात. नवशिके घाबरून लवकर आणि हलका ब्रेक लावतात, लांबपर्यंत घासत नेतात, मग ब्रेकला गार व्हायला वेळच उरत नाही. "मग तुझा शिक्षक शहाणा आहे," बाबा म्हणाले.

मग मी हायवे १७ चं सांगितलं. त्यावर ते जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत देतो. "अरे, मागे पन्नास माणसं बसलेली असतात. कुणी झोपलंय, कुणी शेंगा खातंय. ब्रेक लागेल का, असा विचार त्यातला एकजण पण करत नाही. त्यांना तो करायला लागू नये म्हणून तर तुला पुढे बसवलंय."

तिथे माझं मत बनलं. आकडे नंतर आले.

आता आक्षेप. मला माहीत आहेत, कारण ते सगळे मी स्वतःवर वापरलेत.

पहिला आक्षेप: बाजारात दोन्हीकडे चालणारे पॅड मिळतात की! मिळतात. आणि ते टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही. हलकी गाडी, साधे रस्त्याचे टायर, पहिले दोन-तीन ट्रॅक डे, एवढ्यापुरते ते ठीक. खरं तर एवढ्यापुरते कंपनीचे नवेकोरे पॅड आणि ताजं ब्रेक ऑइलसुद्धा बहुतेक वेळा पुरतं, फक्त दर सत्राची शेवटची फेरी ब्रेक न लावता गार करण्यासाठी ठेवायची. पण गोची अशी की माणूस सुधारतो आणि पॅड सुधारत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी तुम्ही सरळ पट्ट्यावर ताशी दहा किलोमीटर जास्त वेगाने येता, ब्रेक उशिरा लावता, चिकट टायर घेता. टायरची पकड वाढली की ब्रेकही जास्त जोरात लागतो आणि तेवढीच उष्णता कमी वेळात. मधला पॅड कुठल्या दिवशी अपुरा पडला हे तो आधी कळवत नाही. पेडल टणकच असतं, आठवतंय ना?

शिवाय मधला पॅड हा दोन्हीकडून थोडाथोडा उणा असतो. थंड सकाळी रोजच्या पॅडपेक्षा थोडा मंद, तापल्यावर ट्रॅकच्या पॅडपेक्षा थोडा भित्रा. एका दगडात दोन पक्षी मारायला गेलं की दोन्ही पक्षी जखमी होऊन उडून जातात आणि आपण दगड शोधत बसतो.

दुसरा आक्षेप: खर्च. पुढचे-मागचे मिळून ट्रॅकचे पॅड मला तीन-साडेतीनशे डॉलरला पडले. पण दोन जोड ठेवले म्हणून झीज दुप्पट होत नाही. रोजचे पॅड ट्रॅकवर जळत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं पुरतात, ट्रॅकचे पॅड रस्त्यावर वाया जात नाहीत. पैसे आधी जातात एवढंच.

तिसरा आक्षेप: कटकट. हा खरा आक्षेप, बाकीचे त्याची सोंगं. पहिल्यांदा मला चार तास लागले (त्यातला एक तास पान्याचा योग्य नंबर शोधण्यात). आता दीड तासात होतं. रेडिओ लावायचा, चहा घ्यायचा. आठवडाभर स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाला हाताने करायचं असं एखादं काम, ज्यात सुरुवात आणि शेवट दोन्ही त्याच सकाळी दिसतात, हे खरं तर बक्षीसच आहे. आणि चारही चाकं काढली की बाकीचंही दिसतं. फाटू लागलेलं रबर, कोरडी पडलेली पिन, निम्म्याखाली झिजलेला पॅड. (पॅड निम्म्याखाली गेला की ट्रॅकवर नेऊ नये. पातळ पॅडमधून उष्णता सरळ पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे जाते.)

आता दोन जोड ठेवायचे ठरलं तर ट्रॅकचा जोड निवडायचा कसा? इथे माझी दुसरी चूक कामाला आली. मी मोजल्याशिवाय निवडलं होतं. हापिसात कुणी प्रोफायलर न चालवता कोड वेगवान करायला लागला तर मी त्याला तास तास सुनावतो, आणि गाडीच्या बाबतीत स्वतः तेच.

मोजायचं साधन अगदी स्वस्त आहे. डिस्कच्या बाहेरच्या कडेला लावायचे तापमान दाखवणारे रंग मिळतात. मी वापरलेल्या संचात हिरवा ४३० अंशांना रंग बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. कडेवर तीन ठिपके लावायचे आणि दिवसभर गाडी चालवायची. संध्याकाळी माझा हिरवा पूर्ण पांढरा झालेला होता, नारिंगी आणि लाल जसेच्या तसे. म्हणजे माझी गाडी, माझे टायर, माझा वेग आणि हा ट्रॅक मिळून डिस्क ४३० ते ५६० च्या मध्ये कुठेतरी जाते. रस्त्याच्या पॅडला हे झेपणारं नाहीच. पण तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतीचा, गरम व्हायलाच वेळ लावणारा पॅडही मला नको होता. मी दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा पॅड विकत घेतला होता.

सगळ्या कंपन्यांच्या यादीत अशा पायऱ्या असतात. कार्बोटेकच्या एक्सपी ८, १०, १२ मध्ये आकडा वाढेल तशी पकड आणि तापमान वाढतं. हॉकच्या डीटीसी मालिकेतही ३०, ६०, ७० अशी चढण आहे. फेरोडोचं डीएस २५०० रस्ता आणि ट्रॅक यांच्या मध्ये बसतं, पॅगिडचं आरएस २९ लांब शर्यतीवाल्यांचं आवडतं. यातलं चांगलं कुठलं, हा प्रश्नच चुकीचा आहे. तुमच्या ठिपक्यांनी दिलेला आकडा ज्याच्या पट्टीच्या मध्यावर पडतो ते तुमचं. मी मधल्या पायरीचं घेतलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण तुमची गाडी माझी गाडी नाही आणि तुम्ही नेमकं तेच मागवाल हे मला माहीत आहे.

पॅडच्या कडेवर छापलेली दोन अक्षरं वाचून फसू नका. तो घर्षणाचा अमेरिकन कोड आहे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर साध्या तापमानाचं, दुसरं गरम असतानाचं. पण त्या चाचणीतलं 'गरम' संपतं सुमारे ३४३ अंशांना. माझा हिरवा ठिपकासुद्धा त्याच्या वर आहे. जी-जी छापलंय म्हणून ट्रॅकला चालेल, हा तर्क तिथेच संपतो.

अजून दोन गोष्टी, थोडक्यात. पुढचे आणि मागचे पॅड एकाच कुळातले घ्या. मागे जास्त पकडणारा मसाला घातला तर जोरात ब्रेक लावताना गाडीची शेपूट पुढे यायला बघते, आणि मियाटाला ते निमंत्रण पुरतं. आणि नवा पॅड डिस्कवर बसवून घ्या. चांगल्या पकडीसाठी पॅडचा पातळ थर डिस्कवर चढावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर वेगातून बऱ्यापैकी जोरात ब्रेक, पूर्ण न थांबता, असं आठ-दहा वेळा आणि मग न थांबता गार होईपर्यंत चालवायचं. तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून उभे राहिलात तर त्या जागी ठिगळ उमटतं, मग स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेकदा ती वाकडी नसते, डागाळलेली असते. एका डिस्कवर आळीपाळीने दोन मसाले वापरले की हे थर एकमेकांशी भांडतात, म्हणून मी दोन्ही जोड एकाच कंपनीचे, एकमेकांशी पटणारे घेतलेत. भांडणारे असतील तर डिस्कचाही दुसरा जोड ठेवावा लागतो.

ज्यांच्याकडे ना स्पोर्ट्स कार ना ट्रॅक, त्यांनी इथपर्यंत वाचलं असेल तर त्यांचे आभार आणि एक विनंती. पुढच्या वेळी आंबोली किंवा ताम्हिणी उतरायच्या आधी ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवून बघा. दोन वर्षांच्या वर गेलं असेल तर बदला. ऑटोमॅटिक असली तरी उतारावर खालचा गिअर धरता येतो, तो धरा. आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. हे माझं मत नाही, नाशिक डेपोचं आहे.

असो. शेवटचं चाक लावलं, नट टॉर्क रेंचने आवळले, कॉलनीत दोन फेऱ्या मारल्या. पहिल्याच स्पर्शाला, थंडगार असताना, निमूटपणे थांबली. ट्रॅकचे पॅड पुसून, कुठला कुठे बसतो ते पाठीवर लिहून डब्यात ठेवले.

वर आलो तर बायको म्हणाली, "हात धू आणि कपडे बदल. सांता क्रूझला जाऊ."

"१७ ने?"

"मग काय विमानाने?" असं म्हणत ती किल्ली घेऊन खाली उतरलीसुद्धा.